तातडीने मदत हवी: गुरुवारी पाठ आहे आणि बी उगवत नाहीये

सातवा_तास (सोमवार, रात्री ९:४०)
गुरुवारी माझा बी.एड.चा निरीक्षण पाठ आहे, मार्गदर्शक मॅडम वर्गात बसून बघणार. नववी ब, ५२ मुलं, ३५ मिनिटं. घटक: उगवण चाचणी. टाचणावर मॅडमची सही झालीय, आता घटक बदलता येत नाही. गोणपाटात बी लावून पाच दिवस झाले. आज गुंडाळी सोडून बघितलं तर शंभरातले अकरा आलेत, बाकीचं बुळबुळीत, वास मारतंय. मुलांपुढे काय ठेवू? शाळेत शेती शिकवलेल्यांनीच सांगा प्लीज. गूगल करून झालंय.

बांधावरचा
कसलं बी?

खडूफळा
ताई, घाबरू नका. बी उगवलं का याला गुण नसतात. प्रस्तावना, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं), फलकलेखन आणि मूल्यमापनाचे प्रश्न या चार गोष्टी नीट ठेवा. फळ्याचे उभे तीन भाग करा, उजवीकडे आकृती. मी ३१ वर्षं हेच सांगत आलो. आमचं बी.एड. एका वर्षाचं होतं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, तरी मुलं फळ्यावर सरळ ओळ लिहीत नाहीत.

सातवा_तास
सोयाबीन, अजून काय असणार आमच्याकडे. लातूर जिल्हा.

बांधावरचा
ऑगस्टात सोयाबीनची उगवण चाचणी? इकडे पीक फुलावर आलंय. ही मे महिन्यातली कामं. कुठलं बी घेतलं? दुकानाचं की घरचं?

सातवा_तास
टाचणात क्रमाने आलेला घटक आहे, मी ठरवला नाही. बी शाळेच्या स्टोअरमधलं. मागच्या वर्षीच्या सरांनी आणून ठेवलेलं असावं.

पिक्सेल
यूट्यूबवर टाइमलॅप्स आहेत. दोन मिनिटांत अख्खं रोप उगवून दाखवतात. प्रोजेक्टर लावा, मुलं खूश.

सातवा_तास
प्रोजेक्टर आहे. वायर कपाटात आहे. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत.

आयबीटी_९वी
व्हिडिओ दाखवून शेती शिकवणार असाल तर कठीण आहे. मी आठवी ते दहावी आयबीटी (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) विषय घेतला होता. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचा कार्यक्रम. आठवड्यातला एक दिवस वर्गात बसायचंच नाही. वेल्डिंग, वायरिंग, वाफे, कोंबड्या, सगळं हाताने. मुलांना सरळ शेतात न्या. ५२ मुलांना पेरू द्या.

सातवा_तास
शाळेला शेत नाही. टाकीमागे जागा आहे, तिथे जुने बाक पडलेत.

खडूफळा
निरीक्षण पाठ वर्गातच होतो. मार्गदर्शक मॅडम काय चिखलात खुर्ची टाकून बसणार? आणि 'हाताने शिक्षण' म्हणत पोरांकडून संस्थेचं गवत काढून घेणाऱ्या शाळा मी बघितल्यात. पालक भांडायला येतात, ते बरोबरच असतं.

आयबीटी_९वी
सर, गवत काढणं आणि वाफा मोजून त्याचा खर्च लिहिणं यात फरक आहे. आम्ही दर कामाचा हिशोब लिहायचो. फळ्याचे तीन भाग आजही मला आठवत नाहीत, वाफ्याचं माप आठवतं.

लिंबोणी
इथे शेतीवाले दिसतायत म्हणून विचारते. कुंडीतल्या लिंबाला फुलं येतात आणि गळतात. काय करू? कुंडी गच्चीत आहे.

दुकानदार_अॅग्री
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बीएस्सी अॅग्री करून मास्तरकीत का पडलात? पदवीवर खत-बियाण्यांच्या दुकानाचा परवाना निघतो. मी तेच केलं.

सातवा_तास
मी अॅग्रीची नाही, बॉटनीची आहे. विज्ञान पद्धतीचे पाठ घ्यायला आले होते. शेतीचे निदेशक जूनपासून नाहीत, एजन्सीचं काहीतरी अडकलंय म्हणतात. 'बॉटनी म्हणजे झाडंच ना' असं म्हणून तो तास माझ्या गळ्यात पडला. आता कुणी बियाण्याबद्दल बोलेल का?

काळीमाती
मी सहायक कृषी अधिकारी आहे (२०२५ पर्यंत कृषी सहायक म्हणायचे), दर मे महिन्यात गावोगाव हेच करून दाखवते. लावलं कसं ते सगळं सांगा. गोणपाट किती ओलं होतं, कुठे ठेवलं, लावायच्या आधी बियांना काय केलं. आणि बी रंगवलेलं होतं का? गुलाबी, लाल? असेल तर त्याला औषध लावलेलं असतं. मुलांच्या हातात देऊ नका.

सातवा_तास
रंग नव्हता, साधं पिवळं. आधी रात्रभर बादलीत नीट भिजवलं होतं. मग दहा-दहाच्या दहा ओळी, गुंडाळी करून प्रयोगशाळेत बेसिनखाली. रोज तांब्याभर पाणी.

बांधावरचा
भिजवलं??

काळीमाती
सापडलं. सोयाबीनची मटकी केलीत तुम्ही. सोयाबीनचं साल पातळ. बादलीत टाकलं की ते भसाभस पाणी ओढतं, डाळिंब्या फुगून फुटतात, आतलं सगळं पाण्यात उतरतं आणि त्यावर बुरशी मजा मारते. कोरडंच बी पिळलेल्या गोणपाटावर मांडायचं. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. खरी मोजणी सहा-सात दिवसांनी. पण आज रात्री लावलंत तर गुरुवारी निदान मूळ बाहेर आलेलं दिसेल. बी जुनं असेल तर तेही कारण आहेच, म्हणून कुणाच्या तरी घरचं यंदाचं उरलेलं बी आणून दुसरी गुंडाळी करा.

पिक्सेल
मटकीच लावा की मग. दोन दिवसांत मोड.

बांधावरचा
मटकीला मोड आणायला नववीच्या पोरांना शाळा कशाला, घरी आई आणते.

काळीमाती
सडलेली गुंडाळी टाकू नका. गणित तिच्यावरच घ्या. सत्तर टक्के उगवण असेल तर एकरी ३० किलो बी. त्याच्या खाली एकेका टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं.

खडूफळा
हे मूल्यमापनात चांगलं बसेल. फळ्याच्या मधल्या भागात घ्या.

सातवा_तास (गुरुवार, संध्याकाळी ६:१५)
झाला पाठ. सोमवारी रात्रीच एका मुलीच्या घरून बी आणलं, दोन नव्या गुंडाळ्या केल्या, एक घरच्या बियांची, एक स्टोअरच्या. दोन्हींत बी कोरडंच मांडलं. आज घरच्या बियांतल्या ५८ ना मूळ आलं होतं, स्टोअरच्या २३. सडलेली उघडली तेव्हा पहिल्या बाकावरची नाकाला रुमाल लावून मागे पळाली आणि मागचे सगळे पुढे आले, वर्ग आपोआप गोल झाला.

गणित दिलं. एका मुलाने फळ्याकडे न बघता सांगितलं, अकरा टक्के म्हणजे एकरी साडेएकोणसाठ किलो. हिशोब बरोबर! मग म्हणाला, 'बाई, पण असलं पेरायचंच कशाला?' मला तोवर माहीत नव्हतं, काळीमाती ताईंना तासाआधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडमनी हेतुकथन उशिरा केलं म्हणून लिहिलंय. फळा आवडला.

काळीमाती
पोरगा बरोबर बोलला. हिशोब साठ टक्क्यांपर्यंतच चालतो, त्याखालचं बी पेरायचं नाही. उद्या सांगा त्याला. आणि दोन्ही गुंडाळ्या सोमवारपर्यंत ठेवा, खरा आकडा तेव्हाच कळेल.

सातवा_तास
ठेवल्यात. बेसिनखाली नाही, खिडकीत सावलीला. पाणी शिंपडायला दोन मुलं नेमलीत, ती आताच भांडतायत.

लिंबोणी
माझ्या लिंबाचं राहिलं.

बांधावरचा
कुंडी केवढी आहे?