मदत हवी आहे : संवर्धन आराखड्यात लिंगभाव समानता आणि मानवी हक्क नेमके कोठे बसवावेत?

नमस्कार.

किनाऱ्यालगतच्या एका पाणथळ क्षेत्रासाठी पाच वर्षांचा संवर्धन आराखडा तयार करणाऱ्या छोट्या गटात मी काम करते. पक्षी, मासे आणि कांदळवने यांविषयीचा भाग जाणकारांनी उत्तम लिहिला आहे. लिंगभाव समानता आणि मानवी हक्क यांवरचे प्रकरण माझ्याकडे सोपवले आहे. मसुदा वाचल्यापासून मात्र माझी खात्री होत चालली आहे की हा विषय वेगळ्या प्रकरणात कोंबण्याचा नाहीच. तो आराखड्याच्या नकाशात, नियमांत आणि खर्चाच्या तक्त्यात दिसला पाहिजे. हे प्रत्यक्षात कसे करावे आणि सहकाऱ्यांना कसे पटवावे, यासाठी आपली मदत हवी आहे.

अडचण नकाशापासूनच सुरू होते. त्यावर होड्यांचे मार्ग आणि जाळी लावण्याच्या जागा बारकाईने दाखवल्या आहेत. किनारा आणि खोल पाणी यांच्यामधली, ओहोटीला उघडी पडणारी चिखलपट्टी मात्र कोरी आहे आणि तिच्यावर 'वापर नाही' असा शेरा आहे. याच पट्टीत बायका ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून शिंपले आणि खेकडे गोळा करतात. सर्वेक्षणाची प्रश्नावली होडी किंवा जाळे ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून भरून घेतली गेली, त्यामुळे ज्यांच्या हाती टोपलीखेरीज काही नसते त्यांचे काम नोंदलेच गेले नाही. पुढे, वापर नसलेली जागा म्हणून हीच पट्टी संपूर्ण प्रवेशबंदीच्या गाभा क्षेत्रासाठी सुचवली गेली. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. तरीही नकाशा असाच मंजूर झाला, तर ज्यांना कोणी काही विचारलेच नाही त्यांचे रोजचे काम एका शेऱ्यामुळे गुन्हा ठरेल. शिवाय कोणत्या भागात शिंपले कमी झाले आणि कोठे गाळ वाढला, हे ज्यांना सर्वांत आधी कळते त्यांची माहितीही आराखड्यात येणार नाही. संवर्धनाच्या दृष्टीनेही हे नुकसानच आहे.

'महिलांचा सहभाग' या शीर्षकाखाली सध्या एकच निर्देशक आहे, म्हणजे प्रगती मोजण्याचे एकच माप, ते म्हणजे बैठकांना उपस्थित महिलांची संख्या. हजेरीपटावर बायकांच्या सह्या आणि अंगठे पुष्कळ आहेत. इतिवृत्तात मात्र त्यांच्यापैकी एकीचेही म्हणणे सापडत नाही.

आंतरराष्ट्रीय पाया मला बराचसा सापडला आहे. जैवविविधता करार १९९२ चा असून जैवविविधतेच्या संवर्धनातील आणि शाश्वत वापरातील स्त्रियांची महत्त्वाची भूमिका त्याच्या उद्देशिकेतच मान्य केलेली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये स्वीकारलेल्या कुनमिंग-मॉन्ट्रियल जागतिक जैवविविधता आराखड्यात २३ लक्ष्ये आहेत. त्यांपैकी तिसरे, म्हणजे २०३० पर्यंत किमान ३० टक्के भूभाग आणि समुद्र प्रभावीपणे संरक्षित करण्याचे लक्ष्य, आमच्या गटात सर्वांना तोंडपाठ आहे. मात्र त्याच लक्ष्यात मूलनिवासी आणि स्थानिक समुदायांच्या हक्कांचा आदर राखण्याची अट आहे, हे फारसे कोणी बोलत नाही. बाविसावे लक्ष्य निर्णयप्रक्रियेतील सहभाग, माहिती आणि न्याय मिळण्याची सोय आणि पर्यावरण-हक्कांसाठी लढणाऱ्यांचे संरक्षण यांविषयी आहे, तर तेविसावे लक्ष्य जमीन आणि नैसर्गिक संसाधनांवरील स्त्रियांचे समान हक्क आणि त्यांचे नेतृत्व यांविषयी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०२२ रोजी स्वच्छ, निरोगी आणि शाश्वत पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. त्या ठरावाच्या बाजूने १६१ मते पडली आणि विरोधात एकही पडले नाही. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या १९७९ च्या करारातील कलम १४ ग्रामीण स्त्रियांना विकासाच्या नियोजनात भाग घेण्याचा हक्क देते. एवढे असूनही ही सगळी वाक्ये प्रस्तावनेत ठेवून पुढे जाण्याकडेच गटाचा कल आहे.

दोन आक्षेप वारंवार घेतले जातात. पहिला असा की, हक्कांच्या चर्चेत वेळ गेला तर तोपर्यंत अधिवास नष्ट होतील. त्यावर मी केनियातील माउ जंगलात राहणाऱ्या ओगिएक या मूलनिवासी समुदायाच्या खटल्याचा दाखला देते. त्या जंगलाच्या रक्षणासाठी त्यांना तेथून बाहेर काढणे आवश्यक होते, हा सरकारचा युक्तिवाद आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाने मे २०१७ मध्ये फेटाळला, कारण जंगलाची हानी ओगिएकांमुळे झाल्याचे सिद्ध होऊ शकले नाही. ज्यांना बाहेर काढले जाते तेच ऱ्हासाला जबाबदार आहेत हे गृहीत कोणी तपासायचे, असा माझा प्रश्न असतो. दुसरा आक्षेप असा की, स्थानिक रीतिरिवाजांत आपण ढवळाढवळ करू नये. परंतु होडीमालकांच्या समितीलाच 'समुदाय' मानून तिच्या हाती परवाने देण्याचे अधिकार सोपवणे, ही माझ्या मते ढवळाढवळच आहे, कारण त्यामुळे आधीची विषमता नियमाने पक्की होते.

आता माझे प्रश्न मांडते. चिखलपट्टीचा वापर पुन्हा नोंदवायचा झाल्यास ते काम कोणी आणि कसे करावे? आराखड्याला संमती होडीमालकांच्या समितीकडून न घेता सर्वांकडून घ्यायची असेल, तर ती खरोखर मोकळेपणाने दिली आहे हे कसे ओळखावे? गस्त घालणाऱ्यांविरुद्धची तक्रार कोणाकडे जावी? आणि उपस्थितीच्या आकड्याऐवजी कोणते निर्देशक ठेवावेत? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

आपण नकाशापासून सुरुवात केली हे फार योग्य झाले. पायी जाऊन केलेली मासेमारी मोजमापातून सुटणे ही किनारी भागांतील जुनी आणि सर्वत्र आढळणारी त्रुटी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१४ मध्ये स्वीकारलेली लघु मासेमारीविषयीची मार्गदर्शक तत्त्वे अवश्य वाचावीत. मासे पकडण्याआधीची आणि पकडल्यानंतरची कामेही त्यांत मासेमारीचाच भाग मानली आहेत. आपल्या सहकाऱ्यांशी बोलताना हा आधार उपयोगी पडेल.

सर्वेक्षण बैठकीच्या खोलीत करू नये. ओहोटीच्या वेळी, काम चालू असताना, स्त्री सर्वेक्षकांनी त्या बायकांबरोबर चालत जावे. कोणी, कोठे, कोणत्या ऋतूत आणि काय गोळा केले ते त्यांच्याच सांगण्यावरून नकाशावर उतरवावे आणि अंतिम नकाशा त्यांना दाखवून दुरुस्त करून घ्यावा. त्यानंतर बंदी हवी असल्यास ती कायमचीच असली पाहिजे असे नाही. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर २००४ पासून ऑक्टोपस पकडण्यावर ठरावीक काळापुरती, ठरावीक जागी बंदी घालण्याची पद्धत रुजली आहे. आपल्याकडेही पक्ष्यांच्या हंगामापुरती आणि आळीपाळीने बंद ठेवण्याची पट्टी चर्चेत ठेवता येईल. मात्र बंदीच्या काळात ज्यांचे उत्पन्न थांबणार आहे त्यांना काय मिळेल, हे त्याच पानावर लिहिलेले असावे.

निर्णय घेणाऱ्या समितीविषयी थोडे अधिक लिहितो. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी भारत आणि नेपाळमधील सामुदायिक वनव्यवस्थापनाचा जो अभ्यास केला, त्यात कार्यकारी समितीत स्त्रियांचे प्रमाण साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश झाले की त्या अधिक संख्येने येतात, बोलतात आणि पदेही स्वीकारतात, असे दिसले. एकदोन प्रतिनिधी नेमून हे साधत नाही. सदस्यत्व कुटुंबप्रमुखाच्या नावे असेल तर विवाहित स्त्रिया आपोआप बाहेर राहतात आणि विधवांचे स्थान इतरांच्या मर्जीवर ठरते. म्हणून सदस्यत्व आणि परवाना व्यक्तीच्या नावे असावेत असे मी ठामपणे सांगेन.

संमती म्हणजे बैठकीच्या शेवटी घेतलेली सही नव्हे. माहिती आधी मिळावी, ती समजेल अशा भाषेत तोंडी सांगितली जावी, स्त्रियांना आपसांत चर्चा करायला वेळ मिळावा आणि नकार दिला तर आराखड्याचा तो भाग खरोखर बदलेल अशी तरतूद असावी. नकाराने काहीच बदलणार नसेल तर त्याला संमती म्हणता येत नाही.

तक्रारींच्या बाबतीत मात्र कोणतीही तडजोड करू नये. प्रवेशाचा परवाना तपासण्याचा अधिकार एका व्यक्तीच्या हाती असतो तेथे पैशाची किंवा शरीरसंबंधाची मागणी होण्याचा धोका असतो. नैसर्गिक संसाधनांवरील नियंत्रण आणि स्त्रियांवरील हिंसा यांचा संबंध आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० च्या अहवालात सविस्तर मांडला आहे. तक्रार घेणारी व्यक्ती गस्तीच्या यंत्रणेबाहेरची असावी, नाव गुप्त ठेवता यावे आणि तक्रारीनंतर परवाना रद्द होणार नाही याची लेखी हमी असावी.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. एकच भर घालते. 'सहभाग' या नावाखाली कांदळवनांची रोपे लावण्याचे आणि कचरा उचलण्याचे काम विनामोबदला बायकांवर टाकले जाते, तर गस्तीची आणि मार्गदर्शकाची पगारी कामे पुरुषांना मिळतात. म्हणून खर्चाच्या तक्त्यात प्रत्येक कामासमोर मोबदला किती आणि तो कोणाच्या खात्यावर जाणार, असे दोन रकाने ठेवावेत. बैठकीच्या वेळी मुलांना सांभाळण्याचा खर्चही तेथेच धरावा. निर्देशक निवडायचाच असेल, तर स्त्रियांनी मांडलेल्या कोणत्या सूचनेमुळे कोणता नियम बदलला, याची नोंद ठेवावी. उपस्थितीचा आकडा त्यापुढे फारच उथळ आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. गाभा क्षेत्राची सीमा तूर्त स्थगित ठेवून ओहोटीच्या वेळचे सर्वेक्षण आधी करावे, असा लेखी प्रस्ताव मी पुढच्या बैठकीत मांडते आहे. व्यक्तीच्या नावे परवाना आणि मोबदल्याचे दोन रकाने, हेही त्यात असतील.

एक शंका मात्र उरली आहे. ओहोटीच्या नकाशात शिंपले मिळण्याच्या नेमक्या जागा दाखवल्या आणि तो आराखड्याबरोबर जाहीर झाला, तर बाहेरचे लोक तेथे यांत्रिक साधने घेऊन येतील, अशी भीती काही बायकांनी आताच बोलून दाखवली आहे. त्यांच्या ज्ञानाची नोंद व्हावी, पण ती त्यांच्याच ताब्यात राहावी, यासाठी नकाशाच्या दोन प्रती करून जाहीर प्रतीत फक्त ढोबळ क्षेत्र दाखवणे पुरेसे होईल का? मूळ प्रत कोणाजवळ ठेवावी आणि ती पाहण्याची परवानगी कोणी द्यावी, याविषयी कोणाचा अनुभव असल्यास अवश्य कळवावे.