फिरस्ता, भटक्या की मुशाफिर? मामांच्या मानपत्रासाठी शब्द हवाय

मंडळी, एका शब्दासाठी मदत करा. पुढच्या महिन्यात आमच्या मामांची पंचाहत्तरी आहे, घरातल्या घरातच करतोय, पण एक मानपत्र लिहून फ्रेम करून द्यायचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडं आलंय. मामा म्हणजे सोलापुरी चादरी घेऊन चाळीस वर्षं फिरलेला माणूस. विजापूर, गुलबर्गा, रायचूर, बळ्ळारी, तिकडं हैदराबाद, वरंगल. धंद्यासाठी जायचे हे खरं, पण बाकीचे लोक माल खपला की रात्रीची गाडी पकडून घरी यायचे आणि मामा मुद्दाम एक दिवस मागं राहायचे, कुणाच्या घरी कसलं लोणचं घालतात, लग्नात बायका काय गातात, माणूस गेल्यावर किती दिवस काय पाळतात, सगळं विचारत बसायचे. जाताना शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं गाठोडं, येताना त्या गावचं काहीतरी.

त्यांची हिशेबाची वही माझ्याकडं आहे. पुढून वाचली तर किती नग गेले, कुणाकडं किती उधारी. उलटी करून मागून वाचली तर नुसते शब्द. मीठ म्हणजे उप्पु, कानडीत तेच, तेलुगूत तेच, खाली वेगळ्या शाईत लिहिलंय ‘तमिळमध्येपण हेच’. मग ‘ऊटा आतेन्री’, म्हणजे जेवण झालं का, आणि त्याच्यापुढं मामांच्या बारक्या अक्षरात ‘हे आधी विचारतात, भाव नंतर’.

आता अशा माणसाला काय म्हणायचं? ‘प्रवासी’ लिहिलं तर एसटीतल्या सूचनेसारखं वाटतं. ‘पर्यटक’ नकोच, मामा कधी पॉइंट बघायला गेले नाहीत. ‘भटक्या’ मला फार आवडलेला, हल्ली पोरं नावाखाली अभिमानानं लिहितात, पण मामीला वाचून दाखवला तर तिचा चेहराच पडला. ‘फिरस्ता’ कसा वाटतो? की ‘मुशाफिर’?

बाळीवेसकर:
फिरस्ता चांगला आहे पण त्याला जुना वास आहे, फिरस्ता विक्रेता, फिरस्ता बैरागी असा वापर जास्त, म्हणजे ज्याला एक ठिकाण नाही तो. आणि काही जण त्याचा संबंध फरिश्त्याशी जोडतात तो चुकीचा, फरिश्ता म्हणजे देवदूत, तो फारसी, आपला फिरस्ता सरळ ‘फिरणे’वरनं आलेला. नोकरीतली ‘फिरती’ त्याचीच बहीण, साहेब फिरतीवर आहेत म्हणतो ना आपण. मुशाफिर अरबी, ‘सफर’ ज्या मुळातून आला त्यातनंच मुसाफिर. मुक्कामसुद्धा अरबीच, मूळ अर्थ उभं राहायची जागा. तुमच्या मामांचा मुक्कामच जास्त दिसतोय हो सफरीपेक्षा.
एक शब्द मात्र चुकूनही टाकू नका, मुलुखगिरी. आज आपण कौतुकानं म्हणतो, पण मराठेशाहीत मुलुखगिरी म्हणजे फौज घेऊन दुसऱ्याच्या मुलखात घुसायचं आणि वसुली करून यायचं. चादरी उधारीवर देऊन आलेल्या माणसाला तो कसा लावायचा.

मूळ धागाकर्ता:
मुलुखगिरी दुसऱ्या ओळीतच लिहिलेला, खोडला. ‘बारा गावचं पाणी प्यालेले’ पण होतं, तेही काढलं, शब्दशः अगदी बरोबर आहे पण ऐकणारा त्याचा अर्थ बेरकी असाच घेणार.

पूर्वभागातला:
आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आजोबा विणकर. एक गोष्ट सांगतो, तुमच्या मामांच्या वहीत नसेल तर लिहून घ्या. तेलुगूत फिरणं म्हणजे ‘तिरुगु’, वळणंही तेच आणि हिंडणंही तेच. कानडीतही ‘तिरुगु’च. आणि तेलुगूत ‘पुन्हा, परत’ म्हणायचं तर ‘तिरिगी’, कानडीत ‘तिरुगी’. आता मराठी बघा, फिरणे म्हणजे वळणे, फिरणे म्हणजे हिंडणे आणि ‘फिरून एकदा सांग’ म्हणजे पुन्हा एकदा. तिन्ही भाषांनी एकच वाट धरलीय आणि सोलापुरात तिन्ही एका गल्लीत बोलल्या जातात, मला हे लहानपणी कळलं तेव्हा इतका आनंद झालेला की आजीला जाऊन सांगितलं, तिला त्यात काय विशेष ते कळलं नाही.
तेलुगूत भटक्या माणसाला ‘देशदिम्मरि’ म्हणतात पण तोही जरा उनाडाकडं झुकणारा. कानडीत ‘अलेमारी’.

सेटलमेंटकडचा:
मामींचा चेहरा का पडला ते मी सांगू शकतो. पोरं हौसेनं भटक्या लिहितात त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना माहीत नसतं. आमच्याकडं हा शब्द जातीच्या दाखल्यावर येतो, विमुक्त जाती, भटक्या जमाती. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यातही आला, आणि ज्यांचं पोटच फिरण्यावर होतं त्यांना आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाच्या आत ठेवलं. आजोबा हजेरीचं सांगायचे, हजेरीच्या वेळेला जागेवर नसला तर गुन्हा, परवानगीशिवाय दुसऱ्या गावाला जाता यायचं नाही. कायदा रद्द झाला १९५२ ला, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. कुंपणातल्या त्या वस्तीचं सेटलमेंट हे नाव अजून राहिलंय. म्हणून भटक्या हा शब्द ज्याला परतायला घर आहे त्यानं वापरताना थोडं थांबावं एवढंच म्हणणं. तुमच्या मामांबद्दल वाचून मात्र फार बरं वाटलं, दुसऱ्याच्या घरातलं विचारणारी माणसं कमी असतात.

मूळ धागाकर्ता:
दादा, मनापासून धन्यवाद. मामी त्याच भागात लहानाची मोठी झाली, तिनं कधी काही बोलून दाखवलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. भटक्या काढला.

एक निवृत्त शिक्षिका:
प्रवासी हा शब्द तुम्ही फार लवकर सोडलात. त्यातला ‘वास’ बघा, वस् म्हणजे राहणे, वस्ती, निवास, रहिवासी सगळे त्यातलेच. प्र-वास म्हणजे घरापासून लांब जाऊन राहणं, गाडीत बसणं नव्हे. संस्कृतात ज्या बाईचा नवरा परगावी राहतो तिला प्रोषितभर्तृका म्हणतात, त्यातला ‘प्रोषित’ हाच प्रवासाला गेलेला, हे तुमच्या मामींना जरूर सांगा. (पर्यटन, देशाटन, तीर्थाटन यातलं ‘अटन’ म्हणजे मात्र नुसतं हिंडणं.) हिंदीनं जुना अर्थ बराच जपलाय, परदेशी राहणारा तो ‘प्रवासी भारतीय’, उजनीवर येणारे रोहित पक्षी त्यांच्याकडं ‘प्रवासी पक्षी’, आपण त्यांना स्थलांतरित म्हणतो. मराठीत प्रवासी तिकिटापुरता उरला.
आणि सोलापूरकरांनी हा शब्द सोडावा हे मला पटत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० ला इथंच जन्मले, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, बाकीचे चौघे परत आले, हे राहिले. चिनी भाषा शिकले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. १९४२ ला तिथंच गेले, वय अवघं बत्तीस. त्यांना पर्यटक म्हणाल का? मुशाफिर? मी वर्गात नेहमी प्रवासी म्हणायचे, आणि मुलं विचारायची, बाई, कुठल्या गाडीनं.

मूळ धागाकर्ता:
बाई, काल रात्री तुमचा प्रतिसाद मामींना वाचून दाखवला. प्रोषितभर्तृका तीनदा म्हणून घेतला, तिसऱ्यांदा जमला. मग म्हणाली, यांना विचार वरंगलला तापानं पडलेले तेव्हा कुणाकडं राहिले. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. अकरा दिवस एका विणकराच्या घरी, त्या घरातल्या आजी रात्री कपाळावर ओलं फडकं ठेवायच्या, मामा अजून त्यांना अम्मम्मा म्हणतात. वहीत ते पान सापडलं. हिशेबाच्या बाजूला अकरा दिवस कोरे, आणि मागच्या बाजूला त्याच तारखांना चार पानं भरून तेलुगू शब्द, ताप, पेज, उशी, बरं वाटतंय का, आणि शेवटी ‘तिरिगी – फिरून, परत. जाताना म्हणाल्या.’

मानपत्रात ‘प्रवासी’च लिहितोय. खाली बारीक अक्षरात तिरिगी घ्यायचाय, तेलुगू लिपीत. पूर्वभागातले दादा, शुक्रवारच्या आत कागदावर लिहून फोटो पाठवाल का, फ्रेमवाल्याला द्यायचाय आणि मला नुसत्या ऐकीव उच्चारावर लिहायचं नाहीये.