जुन्या महिला मासिकांतला उपदेश आज कसा वाचावा?

प्रश्न : फोंड्याहून एक वाचक
आजीच्या फडताळात साठच्या दशकातल्या महिला मासिकांचा गठ्ठा मिळाला. त्यात ‘स्त्री’चेही अंक आहेत. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली सुरू केलेल्या या मासिकाची सुधारकी परंपरा मला ठाऊक आहे. तरीही गठ्ठा चाळताना एका पानावर मुलींनी शिकून पायांवर उभे राहावे असा आग्रह, तर दुसऱ्या पानावर नवरा दमून घरी आल्यावर गाऱ्हाणी सांगू नयेत आणि पैशांचे व्यवहार त्याच्यावर सोपवावेत असा उपदेश आढळतो. आजीने नेमक्या या दुसऱ्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत, याचे मला फार वाईट वाटते. तिला हे पटले असेल का?

उत्तर : मडगावहून
ही मासिके पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना समोर ठेवून निघत, हे आधी लक्षात घ्यावे. तिथल्या लेखिका १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा समजावून सांगत, तेव्हा गोव्यातल्या बाईला तो मजकूर जसाच्या तसा लागू पडत नव्हता. आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून अमलात होती आणि मुक्तीनंतरही ती चालू राहिली. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते आणि स्थावर विकताना दोघांची संमती लागते. म्हणजे पैशांचे व्यवहार नवऱ्यावर सोपवा असे वाचणाऱ्या आपल्या आजीची सही घराच्या विक्रीखतावर कायद्याने आवश्यकच होती. घरातली जुनी खते अवश्य काढून पाहा.

उत्तर : म्हापशाहून
कायदा बरोबर सांगितलात, पण सही म्हणजे अधिकार नव्हे. आमच्या घरी माझ्या आईने खतावर सही केली तेव्हा कागद वाचून दाखवायचीही कुणाला गरज वाटली नाही. बोट ठेवले तिथे तिने नाव लिहिले आणि ती चहा करायला आत गेली. त्यामुळे त्या उपदेशाला मी निरुपद्रवी म्हणणार नाही. मात्र याच मासिकांतून ती महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडायला शिकली, आणि पुढे दुकानदाराची उधारी तिच्याच वहीवरून चुकती होऊ लागली. विणकामाच्या नमुन्यांशेजारी ही पाने छापली जात म्हणून ती घरात बिनविरोध आली, असे मला मनापासून वाटते. संपादनातही पुढे बदल झाला. विद्या बाळ यांनी ऐंशीच्या दशकात ‘स्त्री’चे संपादन केले आणि १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले.

ताई, रेघ म्हणजे पसंतीच असे धरू नका. एखादी सून सासूला दाखवण्यासाठीही खूण करते, आणि एखादी मनात खुपले म्हणूनही.

फोंड्याहून, पुन्हा
आपले म्हणणे वाचून पुन्हा पाने उलटली. हिशेबाच्या तक्त्याशेजारी आजीच्या अक्षरात आकडे आहेत : तांदूळ, नारळ, घासलेट, आणि खाली ‘माझे’ असे लिहून वेगळी काढलेली रक्कम. पाने ठिसूळ झाल्यामुळे आधी त्यांची छायाचित्रे घेते. मग पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात हे अंक स्वीकारतील का, याची चौकशी करते.