अनुभव धागा : अवयव प्रत्यारोपण, टाके निघाल्यानंतरचे

प्रत्यारोपणाची गोष्ट बहुधा शस्त्रक्रियेपाशीच संपवली जाते. १९५४ मध्ये बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला यशस्वीपणे बसवले. ते एकसारखे जुळे असल्यामुळे शरीराने ते परके मानले नाही. इतरांसाठी मात्र यशाची शक्यता खऱ्या अर्थाने वाढली ती १९८० च्या दशकात, परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध वापरात आल्यावर. शस्त्रक्रिया करणारे हात आधी तयार झाले, औषधे मागून आली. म्हणून रुग्ण, दाते आणि सोबतीला राहिलेल्यांनी विशेषतः घरी परतल्यानंतरचे लिहावे, ही विनंती.

मूत्रपिंड, मृत दात्याकडून

नवे मूत्रपिंड ओटीपोटात उजवीकडे बसवले आहे आणि जुनी दोन्ही जागच्या जागी आहेत, हे आजही नातेवाइकांना पटत नाही. भूल उतरल्यावर माझी पहिली नजर लघवीच्या पिशवीकडे गेली, तर तळाशी जेमतेम थोडे लालसर पाणी होते. मृत दात्याचे मूत्रपिंड काही काळ रक्तपुरवठ्याविना थंड ठेवलेले असल्याने ते कधीकधी उशिरा जागे होते, हे मला आधी सांगितले होते. तरीही ज्या डायलिसिसमधून सुटण्यासाठी हे सारे केले, त्याच यंत्राला पुन्हा जोडले जाताना ते स्पष्टीकरण फारसे उपयोगी पडले नाही. पुढे लघवी वाढली आणि रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ घटक, उतरत गेले. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी तपासायची असेल त्या सकाळी आधी रक्त द्यायचे आणि मगच गोळी घ्यायची, हा क्रम आता अंगवळणी पडला आहे. सुरुवातीला याच औषधाने हात इतके थरथरत की बँकेने माझी सही जुळत नाही म्हणून धनादेश परत केला.

मूत्रपिंड देणारी बहीण

१९९५ पासून दात्याचे मूत्रपिंड दुर्बिणीतून काढता येऊ लागले, त्यामुळे मला बरगडीखालचा लांब छेद टळला. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूमुळे नंतर खांदा दुखतो, हे मात्र मला परिचारिकेकडून कळले. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा धरून बसलेली मी एकटीच नव्हते म्हणे. भेटायला येणारे सगळे भावाची विचारपूस करत. त्यात गैर काही नाही, परंतु दाता हा त्या वॉर्डातला असा एकच माणूस असतो, जो धडधाकट आत येतो आणि दुखणे घेऊन बाहेर पडतो. रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने यांची वार्षिक तपासणी मला स्वतःच लक्षात ठेवावी लागते, आणि हे मला मुळीच योग्य वाटत नाही.

हृदय

१९६७ मध्ये केपटाउनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले, तेव्हा तो रुग्ण १८ दिवस जगला. मी आज जिने चढतो. फक्त जिना चढू लागलो की ठोके लगेच वाढत नाहीत आणि वर जाऊन बसल्यावरही बराच वेळ उतरत नाहीत, कारण हृदयाकडे जाणाऱ्या नसा तोडलेल्या असतात आणि नवे हृदय रक्तातील संप्रेरकांच्या भरवशावर वेग घेते. त्याच कारणाने रक्तवाहिनी अरुंद झाली तरी छातीत कळ येईलच असे नाही. म्हणून अँजिओग्राफी ठरल्या वेळी करून घ्यावीच लागते.

यकृत देणाऱ्याची पत्नी

यांच्या यकृताचा उजवा भाग काढला. उरलेला भाग काही महिन्यांत वाढून जवळपास पूर्वीइतका झाला. थकवा मात्र त्यापेक्षा जास्त रेंगाळला.

प्रतीक्षायादीत असलेली

गर्भारपण आणि वारंवार दिलेले रक्त यांमुळे माझ्या शरीरात प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पेशी ओळखून त्यांच्यावर हल्ला करणारी प्रथिने, इतकी आहेत की बहुतेक दात्यांशी क्रॉसमॅच (ती दात्याच्या पेशींवर उलटतील का, हे पाहणारी चाचणी) जुळत नाही. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनला जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड एका जिवंत रुग्णाला बसवल्याचे वाचून मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, की हे उपचार अजून प्रायोगिक आहेत, आणि माणसांविरुद्धची काही प्रतिपिंडे डुकराच्या पेशींनाही ओळखू शकतात, त्यामुळे ती चाचणी माझ्या बाबतीत वेगळी करावी लागेल.