मदत हवी आहे: जिनिंगच्या ऑफिसात सांबा सर्व्हर, काट्यावर एक्सपी आणि दोन लॅपटॉपच्या दोन तऱ्हा

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेबाचं काम बघतो. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, पण ऑफिसात बाकी कोणी त्याला हात लावत नाही म्हणून तेही माझ्याच गळ्यात. सीझन सुरू झालाय, कापसाच्या गाड्या गेटबाहेर रोडपर्यंत लागतात, त्यामुळे आत्ताच सगळं सविस्तर लिहून टाकतो.

गेटवर वजनकाटा आहे. तिथल्या मशीनवर विंडोज एक्सपी. काट्याचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधलं, इंडिकेटरची केबल मागच्या सिरियल पोर्टात. ज्याने ते करून दिलं त्याने ते काम कधीच सोडलं, तेव्हा ‘एक्सपी बदला’ एवढा सल्ला सोडून बोला. पावती शेजारच्या टीव्हीएस एमएसपी २४० प्रिंटरवर निघते, तिची काही तक्रार नाही.

ऑफिसात मुनीमजींकडे विंडोज ७. शेठजींच्या मुलाने दोन नवे लॅपटॉप आणलेत, दोन्हींवर विंडोज ११, आवृत्ती २४एच२. माझ्याकडे लिनक्स मिंट. एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (हेही लिनक्सच) आणि सांबा (लिनक्सवरचं फोल्डर-प्रिंटर विंडोजला वापरू देणारं सॉफ्टवेअर) टाकून त्याला सर्व्हर केलंय, आयपी १९२.१६८.१.१०. एचपी लेझरजेट १०२० यूएसबीने त्यालाच जोडलाय.

सांबाच्या सेटिंगची सध्याची फाईल अशी:

[ग्लोबल]
वर्कग्रुप = जिनिंग
मॅप टू गेस्ट = बॅड यूजर

[हिशेब]
पाथ = /एसआरव्ही/हिशेब
रीड ओन्ली = नो
गेस्ट ओके = येस

[प्रिंटर्स]
पाथ = /व्हार/स्पूल/सांबा
प्रिंटेबल = येस
गेस्ट ओके = येस

टेस्टपार्म (ही फाईल तपासणारी आज्ञा) काही चूक दाखवत नाही. मिंट आणि विंडोज ७ वरून फोल्डर झकास उघडतं. आता अडचणी.

१) दोन लॅपटॉप एकाच दुकानातून, एकाच दिवशी आलेले. एकावर ‘हिशेब’ उघडतं. दुसरा म्हणतो की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न देता गेस्ट म्हणून येता येणार नाही. अरे बाप्पा, आमची कसली संस्था आणि कसलं धोरण?

२) एक्सपीवरून सर्व्हरला पिंग जातं, फोल्डर काही उघडत नाही. मुनीमजींना काट्याच्या नोंदी ऑफिसात बसून पाहायच्या आहेत. आता पोरगा पेनड्राइव्ह घेऊन गेटवर चकरा मारतो.

३) प्रिंटर चालतो, पण लाईट जाऊन आली की गप्प. प्रिंट दिली की रांगेत ‘पूर्ण’ असं येतं, कागद मात्र हलत नाही. सर्व्हर इन्व्हर्टरवर आहे, तो बंद पडत नाही. शिवाय विंडोजवरून दिलेल्या प्रिंटला कधी कधी नुसती चिन्हंच चिन्हं, पानामागून पान.

४) विंडोजच्या ‘नेटवर्क’मध्ये सर्व्हरचं नाव दिसत नाही, दर वेळी पत्ता टाकावा लागतो. हे जमलं तर ठीक, नाही तर राहू द्या.

काळीकसदार

पहिल्याचं आधी. दोन्ही लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट उघडा. उघडतोय तो ‘होम’ आणि अडतोय तो ‘प्रो’ असं आहे का?

पऱ्हाटी

हाव. तंतोतंत. तुम्हाला कसं कळलं?

काळीकसदार

कारण तुमच्या फाईलमधली ‘मॅप टू गेस्ट’ ही ओळ. सर्व्हरला नाव ओळखीचं नसलं की तो पाहुण्याला गेस्ट म्हणून आत घेतो. पूर्वी विंडोज हे चालवून घ्यायचं. २०१७ साली विंडोज १० च्या एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांनी ते बंद केलं, आणि २४एच२ पासून प्रोनेही. होममध्ये अजून चालतं. तुमची संस्था नसली तरी संदेश तोच येतो. त्यात भर म्हणजे २४एच२ प्रो माहितीच्या प्रत्येक पाकिटावर डिजिटल सही मागतं, आणि गेस्टला पासवर्डच नसल्याने सहीसाठी किल्लीही नसते.

नेटवर याचा उपाय म्हणून ‘रजिस्ट्रीत जाऊन गेस्ट पुन्हा चालू करा’ असं सापडेल. करू नका. हिशेबाचं फोल्डर आहे, ज्याला वायफायचा पासवर्ड माहीत तो आत, अशी स्थिती आज आहेच. माणसागणिक एक खातं करा:

ॲडयूजर --नो-क्रिएट-होम मुनीम
एसएमबीपासडब्ल्यूडी -ए मुनीम

मग ‘हिशेब’ नावाचा गट करून सगळ्यांना त्यात टाका, फोल्डरचा गट तोच करा, आणि शेअरमध्ये ‘गेस्ट ओके’ काढून हे लिहा:

व्हॅलिड यूजर्स = @हिशेब
फोर्स ग्रुप = हिशेब
क्रिएट मास्क = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०

शेवटच्या तीन ओळी नसल्या तर मुनीमजींनी केलेली फाईल तुम्हाला नुसती वाचता येईल, बदलता येणार नाही.

एक मेख आहे. विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावाने बोलतं. लॅपटॉप आधीच गेस्ट म्हणून जोडलेला असेल तर नवं नाव टाकल्यावर १२१९ नंबरची चूक देईल. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज * /डिलीट’ द्या, मग क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये सर्व्हरचा पत्ता, नाव, पासवर्ड भरून ठेवा. लॅपटॉप उघडायचा पिन इथे चालत नाही, सांबाचा पासवर्डच लागतो.

रामटेककर

एक्सपीसाठी एवढा विचार कशाला? ग्लोबलमध्ये ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१’ आणि ‘एनटीएलएम ऑथ = एनटीएलएमव्ही१-परमिटेड’ टाका, सांबा पुन्हा सुरू करा. आमच्याकडे असंच चालतं. सांबाने ४.११ पासून, म्हणजे २०१९ मध्ये, एसएमबी१ हा फाईली वाटायचा जुना प्रोटोकॉल आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली आणि एक्सपीला तेवढाच येतो. कारण एवढंच.

भुलाबाई

रामटेककर दादा, कारण बरोबर सांगितलंत, पण या ऑफिसात तो उपाय मी करणार नाही. ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ ही ओळ ग्लोबलच असते, एका शेअरपुरती किंवा एका मशीनपुरती लिहिता येत नाही. एका काट्यासाठी अख्ख्या सर्व्हरचं दार खाली उतरवावं लागतं. मे २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस विंडोजमधल्या याच एसएमबी१ च्या भोकातून पसरला होता. ते भोक सांबात नव्हतं हे खरं, पण तुमचा एक्सपी आज त्याच नेटवर्कवर उघडा बसलाय, आणि शेठजींच्या मुलाचे लॅपटॉप रोज घरी जाऊन परत येतात.

पऱ्हाटी भाऊ, दिशा उलटी करा. एक्सपीने सर्व्हरकडे यायचंच नाही, सर्व्हरने एक्सपीकडे जायचं. सांबा सर्व्हर म्हणून काय स्वीकारतो आणि लिनक्स ग्राहक म्हणून कुठे जोडला जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्व्हरमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड बसवा आणि काट्याची केबल थेट त्यातच घ्या. ऑफिसच्या स्विचशी तिचा संबंध नको. या कार्डाला १९२.१६८.५०.१, एक्सपीला १९२.१६८.५०.२. एक्सपीत गेटवे आणि डीएनएसचे रकाने रिकामे ठेवा, म्हणजे त्याला सर्व्हरपलीकडे जग नाही. सांबात लिहा:

इंटरफेसेस = एलओ १९२.१६८.१.१०
बाइंड इंटरफेसेस ओन्ली = येस

एक्सपीवर ‘सिंपल फाईल शेअरिंग’ बंद करून पासवर्ड असलेलं एक खातं करा आणि काट्याचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं शेअर करा. डेबियनवर सीआयएफएस-यूटिल्स (दुसऱ्या मशीनचं शेअर जोडून घ्यायचं पॅकेज) टाका, मग एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्याची यादी) सीआयएफएसची ओळ. पर्यायांत हे हवंच: व्हर्स=१.०, आरओ, नोफेल. ‘आरओ’मुळे सर्व्हरकडून काट्याच्या नोंदीत चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. ‘नोफेल’ नसेल तर सकाळी एक्सपी बंद असताना सर्व्हर सुरू होताना अडकून बसेल. नंतर क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा) दर पाच मिनिटांनी आरसिंक (फाईलींची नक्कल करणारी आज्ञा), ‘हिशेब’मधल्या ‘काटा’ फोल्डरात.

यात आणखी एक फायदा आहे. मुनीमजी मूळ डीबीएफ (नोंदींची फॉक्सप्रो फाईल) उघडणार नाहीत, नक्कल उघडतील. एक्सेलने मूळ फाईल धरून ठेवली आणि गेटवर पावती अडकली, हा तमाशा मी एका दालमिलमध्ये पाहिलाय. फक्त डीबीएफसोबत त्याच नावाच्या सीडीएक्स (इंडेक्स) आणि एफपीटी (मेमो, म्हणजे लांब मजकूर) फाईलीही न्या. मेमोचा रकाना असला तर एफपीटीशिवाय फाईल नीट उघडत नाही.

गेट किती लांब आहे? १०० मीटरच्या पुढे तांब्याची केबल धरू नका.

पऱ्हाटी

ताई, सत्तर-ऐंशी मीटर असेल. खांबांवरून नेलेली आहे.

भुलाबाई

मग चालेल. पण खांबांवरून उघडी नेलेली तांब्याची केबल म्हणजे मृगाच्या पहिल्या गडगडाटाला कार्ड गेलं समजा. सीझन संपला की फायबर टाका, दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर. काचेतून वीज येत नाही. आणि सर्व्हरचा पंखा उघडून बघा एकदा. जिनिंगमधल्या मशीनच्या हीटसिंकवर रुईची गादी बसते, वरून दिसत नाही, पंखा काढल्यावर अख्खा थर चिमटीने उचलता येतो.

सातपुडा

तिसरी अडचण माझ्या ओळखीची आहे. १०२० च्या पोटात फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम) कायमचं नसतं. दर वेळी चालू झाला की कॉम्प्युटरने ते त्याला यूएसबीवरून पाजावं लागतं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो. तुमच्याकडे लाईट गेली की प्रिंटर कोरा होतो, सर्व्हर इन्व्हर्टरवर जागाच असतो, आणि मग तो ज्याला प्रिंट पाठवतो त्या प्रिंटरला काही कळतच नाही. म्हणून रांगेत ‘पूर्ण’, हातात शून्य.

एचपीलिप (लिनक्सवरचा एचपीचा ड्रायव्हर) टाका आणि त्यानंतर ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा चालवा. प्लगइन वेगळं उतरवावं लागतं, डेबियन ते सोबत देत नाही. ते असलं की प्रिंटर जोडला जाताच फर्मवेअर आपोआप चढतं. कधी चुकलंच तर ‘एचपी-फर्मवेअर’ हाताने द्या.

प्रिंटर इन्व्हर्टरवर टाकायचा मोह मात्र आवरा. लेझरचा फ्यूजर तापताना एकदम एवढा करंट ओढतो की छोटा इन्व्हर्टर ट्रिप होईल आणि सोबत सर्व्हरही बसेल.

चिन्हांची पानं: विंडोजच्या ड्रायव्हरने पान आधीच प्रिंटरच्या भाषेत केलेलं असतं, कप्स (सर्व्हरवरची प्रिंटची यंत्रणा) ते साधा मजकूर समजून पुन्हा चाळायला जातो. [प्रिंटर्स] मध्ये ‘कप्स ऑप्शन्स = रॉ’ लिहा. ड्रायव्हर प्रत्येक विंडोजवर हातानेच टाका. सर्व्हरवरून ड्रायव्हर आपोआप उतरवायची सोय २०२१ च्या प्रिंटनाइटमेअर या प्रिंटिंगमधल्या सुरक्षेच्या भोकानंतर विंडोजने ॲडमिनपुरती ठेवलीय, त्या भानगडीत चार मशीनसाठी पडू नये.

चौथ्यासाठी डब्ल्यूएसडीडी नावाचं पॅकेज. एसएमबी१ गेल्यापासून शेजारपाजार दिसायची जुनी पद्धतही गेली, हे नवीन पद्धतीने नाव पुकारतं. फायरवॉल असेल तर यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७ मोकळे ठेवा.

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. खाती केली, दोन्ही लॅपटॉप आले. प्लगइन टाकल्यावर मुद्दाम प्रिंटरचं बटण बंद-चालू करून पाहिलं, लगेच पान निघालं. दुसरं कार्ड लावलं, एक्सपीचं फोल्डर सर्व्हरवर दिसतं.

आता नवीनच. काट्याचं सॉफ्टवेअर बंद असलं की आरसिंक सगळं आणतं. चालू असलं की एफपीटी येतो, पण मुख्य डीबीएफला म्हणतो परवानगी नाही. सॉफ्टवेअर दिवसभर चालूच असतं, मग काय उपयोग?

भुलाबाई

परवानगीचं नाही ते. सॉफ्टवेअर फाईल एकट्यासाठी उघडतंय, फॉक्सप्रोची ती जुनी सवय. सॉफ्टवेअरच्या फोल्डरात कॉन्फिग.एफपीडब्ल्यू आहे का बघा. आधी अख्ख्या फोल्डरची नक्कल बाजूला काढा, मग त्या फाईलमध्ये एक ओळ घाला: एक्सक्लूझिव्ह = ऑफ. करणाऱ्याने कोडमध्येच एक्सक्लूझिव्ह लिहून ठेवलं असेल तर या ओळीचा उपयोग होणार नाही, मग जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी काटा बंद झाल्यावर अशा दोनच नकला घ्या.

पऱ्हाटी

फाईल होती, ओळ घातली, सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. चालू काट्यावरून डीबीएफ आली! मुनीमजींनी लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहिली, गाडी नंबर, भरती वजन, खाली वजन, सगळं जागच्या जागी. पण नुकत्याच झालेल्या गाडीची नोंद दिसली नाही म्हणून ते माझ्याकडेच बघताहेत.

काळीकसदार

पाच मिनिटं थांबा म्हणा त्यांना. नाही तर क्रॉन दोनवर आणा. आणि नक्कल आली की फाईल बंद करून पुन्हा उघडायला सांगा, उघड्या फाईलीत नवी नोंद आपोआप येत नाही.