मदत हवी आहे : खासगी नोकरीतील कर्णबधिर कर्मचाऱ्याची बढती

माझा धाकटा भाऊ कर्णबधिर असून अंधेरीतील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. ‘बैठकीत संवाद साधता येत नाही’ असे सांगून त्याची बढती यंदाही रोखण्यात आली. त्याच ऑनलाइन बैठकांत सबटायटल सुरू करावेत, ही त्याची साधी विनंती मात्र कुणी मनावर घेतली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांपुरतेच आहे, हे मान्य. परंतु समान संधी धोरण खासगी आस्थापनांनाही बंधनकारक असून, २० किंवा अधिक कर्मचारी असल्यास त्यात संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही नमूद करावी लागते. येथे धोरणाचा कागदच कुणी दाखवत नाही. पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे जाण्यापूर्वी कंपनीकडे लेखी काय मागावे आणि खासगी नोकरीत बढतीची तक्रार टिकते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.