छोट्या धंद्यासाठी विमा : आधी कोणता घ्यावा?

शिलाईघर
नमस्कार मंडळी. माझं शिलाईचं छोटं युनिट आहे. सहा मशीन, चार बायका कामाला, जागा भाड्याची. आठ वर्षांत काही वाईट घडलं नाही, म्हणून विम्याकडे कधी वळलेच नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या गाळ्यात शॉर्टसर्किटने आग लागली. आमच्याकडे आली नाही, पण मधली भिंत हाताला गरम लागत होती. आत कापडाचे गठ्ठे आणि गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले कपडे. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आता एजंट पाच-सहा विमे सांगतोय. सगळे घ्यायची ऐपत नाही. आधी काय घेऊ?

कागदवाला
ताई, आधी आगीचा घ्या, पण रक्कम नीट धरा. माझी चूक सांगतो. माझं स्टेशनरीचं दुकान. सुट्टीच्या दिवशी वरच्या मजल्यावरची पाण्याची लाइन फुटली. दुसऱ्या दिवशी शटर वर केलं तर कागदाची रिमं फुगून वेष्टनं फाटलेली, वह्या एकमेकींना चिकटून वीट झालेल्या. आगीच्या पॉलिसीत पाइप फुटण्याचा धोका धरलेला होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

विमा कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा, आला, खरेदीची बिलं आणि स्टॉक रजिस्टर मागितलं. त्यात दिसलं की दुकानात 10 लाखांचा माल आणि विमा 6 लाखांचा. हप्ता कमी बसावा म्हणून मीच रक्कम कमी लिहिली होती. नुकसान 2 लाखांचं, म्हणजे विम्याच्या रकमेच्या आतच. तरी मंजूर झाले 1 लाख 20 हजार. मालाच्या 60 टक्केच विमा, म्हणून भरपाईही नुकसानीच्या 60 टक्केच. याला अ‍ॅव्हरेजचं कलम म्हणतात. पॉलिसीत छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

जमाखर्च
हिशेबनीस म्हणून बरीच वर्षं छोट्या धंद्यांच्या वह्या बघतोय. कागदवाल्यांचा मुद्दा सोळा आणे खरा. त्यात माझी भर.

गिऱ्हाइकांचे कपडे तुमच्या मालकीचे नाहीत. ‘ताब्यात असलेला दुसऱ्याचा माल’ असा उल्लेख पॉलिसीत वेगळा करून घ्या, नाहीतर तो बहुतेक वेळा बाहेर राहतो. जागामालकाने इमारतीचा विमा काढला असेल, तर तो भिंती-छपराचा. तुमची मशीन त्यात नाहीत. मशीनची रक्कम आजच्या नव्या किमतीवर धरता येते का, तेही विचारा. साध्या पॉलिसीत घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, वजा होतो आणि आठ वर्षं चाललेल्या मशीनचे हातात फार थोडे येतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लोक वस्तू मोजतात, बंद राहिलेले दिवस मोजत नाहीत. आग विझली तरी जागा दुरुस्त होऊन मशीन पुन्हा बसेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. तेवढे दिवस भाडं, पगार, कर्जाचा हप्ता चालूच. गिऱ्हाईक वाट बघून दुसरीकडे जातं. सामानाची पूर्ण भरपाई मिळूनही धंदे बंद पडलेले मी पाहिलेत, ते इथेच अडकले. यासाठी धंद्यातल्या खंडाचा विमा असतो. तो सहसा आगीच्या पॉलिसीला जोडूनच मिळतो आणि तिथला दावा मान्य झाला तरच लागू होतो. किती महिन्यांसाठी घेताय ते विचार करून ठरवा.

चार जणी कामाला आहेत, त्यांच्या दुखापतीचा विमा तुमच्याकडे कायद्याने सक्तीचा आहे का ते आधी बघा. असेल तर तो पहिला. नसला तरी सुईत बोट जाणं, इस्त्रीने भाजणं रोजचं आहे, आणि त्यांचा संसार त्याच हातांवर चालतो.

शिलाईघर
दोघांचे मनापासून आभार. दिवसांचा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता. एक विचारते. मागच्या खोलीत फोमचा साठा आहे. एजंट म्हणतो, अर्जात लिहू नका, हप्ता वाढेल.

जमाखर्च
लिहा. अर्जात धोका लपवला, तर दावा फेटाळायला तेवढं कारण पुरतं, आणि त्या दिवशी एजंट उत्तर द्यायला येत नाही. हप्ता कमी करायचा सरळ मार्ग आहे. प्रत्येक दाव्यातली पहिली ठरावीक रक्कम स्वतः सोसायची तयारी दाखवा. लहान नुकसान तुम्ही झेलाल. ज्याने धंदाच बसेल, ते विम्यावर टाका.

कागदवाला
चोरीचाही विमा घेणार असाल तर अटी वाचा. बऱ्याच पॉलिसीत कुलूप किंवा दार फोडल्याची खूण लागते. आणि बिलं दुकानातच ठेवू नका. माझी निम्मी मालाबरोबर भिजली होती. शाई पसरलेले कागद पंख्याखाली वाळवत बसलो होतो.

शिलाईघर
आज दुपारी आम्ही पाचजणींनी मिळून यादी केली. प्रत्येक मशीनचा नंबर, फोटो, नव्या मशीनचा आजचा भाव. कापडाचे गठ्ठे मोजले. बेरीज माझ्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट निघाली. यादीची एक प्रत बहिणीच्या घरी ठेवली. उद्या फोमसकट सगळं लिहून अर्ज देते. आगीचा, त्याला जोडून सहा महिन्यांच्या खंडाचा, आणि कामगारांचा. चोरीचा पुढच्या वर्षी बघेन.